चहात बुडवलेल्या पट्ट्या

९ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र मिळालं. कागद जाड आणि मजकूर पातळ. सहा वर्षांनी लिहिलंस आणि मायना धरून नऊ ओळी. मी मोजल्या. आजी जिवंत आहे का ते न विचारता थेट कामाचं विचारलंस ते मात्र आवडलं. मेले असते तर पत्र परत आलंच असतं.

मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे, जीभसुद्धा.

तू गाद्या-उशांच्या कंपनीत लागलीस हे मला समोरच्या शिवणवालीने सांगितलं होतं. म्हणाली, तुमची नात लेबलांवरचा मजकूर लिहिते. मी म्हटलं, त्याचाही पगार मिळतो? आणि आता तुझ्या साहेबांनी सांगितलंय की गादीवर इशारा कशासाठी लावतात ते एखाद्या जुन्या कामगाराला विचारून या. तुला जुनी कामगार एकच माहीत, म्हणून माझी आठवण झाली. असू दे. ऐक.

गादीच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. खोळ नवी करकरीत शिवायची आणि आत कुणाच्या तरी आजारपणातला कापूस कोंबायचा, हे अगदी सोपं काम आहे. वरून हात फिरवला तर दोन्ही सारखंच लागतं. घेणाऱ्याला टाके उसवून बघता येत नाही. म्हणून ज्याने आत बघितलंय त्याने बाहेर लिहून द्यायचं. पट्टी म्हणजे एवढंच.

आणि 'ही पट्टी काढू नये' असं जे खाली असतं, ते दुकानदारासाठी. त्याने ती कापून जुना माल नवा म्हणून खपवू नये म्हणून. घरी नेल्यावर तुम्ही ती कापा, जाळा, पुस्तकात खूण म्हणून घाला, कुणी पकडायला येत नाही. पण माणसं उगाच घाबरतात आणि जन्मभर पट्टी पायाला टोचत झोपतात. आपल्या गादीची मी काढली नाही ती भीतीने नाही. टाका माझा होता म्हणून.

आमच्या कारखान्यात कापडी पट्ट्या दोन. पांढरी म्हणजे आत सगळा नवा कापूस. पिवळी म्हणजे आत वापरलेला, पिंजून पुन्हा भरलेला. पिवळीवर खाली आणखी एक ओळ असायची, की आजारी माणसाला आणि लहान मुलांना ही गादी देऊ नये. पट्ट्यांच्या टेबलावर आम्ही पाच जणी, वाचणारी एकही नाही, म्हणून मालकांनी रंग ठरवून दिले होते. नव्या ढिगाला पांढरी, जुन्या ढिगाला पिवळी. अक्षरांकडे बघायचं ते पट्टी उलटी तर लागत नाही ना, एवढ्यापुरतं.

तुझ्या साहेबांना एवढं पुरे. शेवटच्या दोन ओळींत आईबद्दल विचारलंस. त्याला वेगळा कागद लागेल आणि आत्ता गॅसवर दूध आहे.

आजी


२ मार्च

पोरी,

आईचं पत्र आलं म्हणतेस. दोन दिवसांसाठी येते म्हणते आणि तू मला विचारतेस, येऊ देऊ का. घर तुझं, दार तुझं, कडीही तुझ्याच हातात. पण विचारलंसच तर सांगते. नको.

इतकी वर्षं सांगत आले तेच पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्याजवळ कागदावर राहील. तू चार वर्षांची होतीस. तुझा बाप त्याच्या आधीच दुसरीकडे संसार मांडून बसला होता. माझी लेक, म्हणजे तुझी आई, आमच्याच कारखान्यात, बाहेर जाणाऱ्या मालाच्या वहीवर. सातवी झालेली. मालक सोडले तर सगळ्या कारखान्यात सरळ वाचणारी ती एकटी.

एका दवाखान्याने चाळीस गाद्या मागवल्या होत्या. रुग्णांसाठी नाही. नातेवाईक रात्रंदिवस बाकांवर पडून असतात, त्यांच्या पाठीला आधार म्हणून. त्यामुळे जुना कापूस चालणार होता, तसं ठरलंही होतं. पण गाद्या गेल्या त्या 'सगळा नवा कापूस' असं लिहिलेल्या पट्टीने. दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात गाद्या कमी होत्या. तिथल्या सिस्टरने पट्टी वाचली. नव्या कापसाच्या गाद्या बाकांवर कशाला घालायच्या, म्हणून चांगल्या मनाने उचलून पोरांच्या खाली घातल्या. अकरा पोरांना पुरळ उठलं, ताप चढला. दहा बरी झाली.

चौकशी झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना सोडलं, जिला येत होतं तिला धरलं. आठ महिने आत होती. सुटल्यावर कुठल्याही कारखान्याने दारात उभं केलं नाही. मग लांब जाऊन एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायला लागली, ती अजून तेच करते.

एकदा आली होती. तू अकरा वर्षांची. तू पलंगाखाली जाऊन बसलीस, मी तुला बाहेर ओढलं नाही. ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मी पाणी दिलं. ते प्यायली, भांडं मोरीत विसळलं, उपडं ठेवलं आणि गेली. त्यानंतर आली नाही. आता कशाला यायचंय?

तुझ्या ट्रेनिंगच्या पुस्तकात ही घटना छापलीय, हे वाचून मला हसू आलं. आम्ही पुस्तकात जाऊ असं कधी वाटलं नव्हतं. त्यात लिहिलंय की पट्ट्यांचा रंग पिवळाच होता आणि मजकूर मात्र पांढरीचा, असं कसं झालं, असं तू विचारतेस. मला काय माहीत. पिवळ्या संपल्या होत्या एवढं आठवतं. त्या दिवशी उकडत होतं.

तू घर सोडलंस तेव्हा मी म्हटलं होतं, आईवर गेलीस. त्याचा राग धरून सहा वर्षं बसलीस. मीही धरला. आता दोघींनी सोडला असेल तर बरं.

आजी


१९ मार्च

पोरी,

उशी पोचली. मऊ आहे, माझ्या डोक्याला जास्तच मऊ. पाहुण्यांसाठी ठेवते. पाहुणे येत नाहीत ही गोष्ट वेगळी.

तू लिहिलेलं लेबल वाचलं. चष्मा लावून, खिडकीपाशी जाऊन, पाऊण तास लागला. 'सदर उत्पादन बारा महिन्यांखालील अर्भकांच्या निद्रास्थानी वापरण्यास योग्य नाही.' अगं, निद्रास्थान म्हणजे काय? पाळणा म्हण. झोळी म्हण. योग्य नाही म्हणजे काय? मला तुझा बापही योग्य वाटला नव्हता, लग्न झालंच ना.

असं लिही. 'बाळाजवळ ही उशी ठेवू नका. नाक दाबलं जाऊन जीव जातो.' 'जीव जातो' लिहायला तुझ्या साहेबांना लाज वाटते का? मग त्यांना म्हणावं, विकायला वाटत नाही ना, तेव्हा लिहायलाही वाटू देऊ नका. अक्षर मोठं कर. ज्या बाईने हे वाचायचं तिच्या कडेवर पोर असतं, एकच हात मोकळा असतो, आणि पोर त्या हाताकडेही झेपावत असतं. तेवढ्या वेळात वाचून झालं पाहिजे.

साहेब म्हणाले, वाचतंय कोण? आणि तू भर बैठकीत त्यांना दवाखान्याची गोष्ट सांगितलीस. सिस्टरने वाचलं होतं, म्हणालीस. पट्टी वाचणारे असतात, लावणाऱ्यांनाच ते माहीत नसतं. मग पुढे म्हणालीस, ज्या बाईला वाचता येत होतं आणि जिने तोंड मिटून घेतलं ती माझी आई, आणि मी तिला घरात घेणार नाही.

तिथवर वाचून मी चष्मा काढला आणि पुसत बसले.

अक्षराचं विचारलंस. चौकशीच्या कागदावर आजीचा अंगठा आहे, मग हे वळण कुठून आलं? तू पहिलीत होतीस तेव्हा तुझ्याबरोबर शिकले. तू पाटीवर गिरवायचीस, मी बघायचे. म्हातारपणी माणसं काय काय शिकतात.

लेबल उशीला राहू दिलंय.

आजी


६ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि भांडी घासायला उठते. घरातली भांडी इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

तू आईला कळवलंस की येऊ नकोस, आजीने मला सगळं सांगितलंय. आणि तिचं जे उत्तर आलं ते तू घडी घालून मला पाठवलंस. तुला वाटलं असेल मला बरं वाटेल. एक ओळ. 'आजी सांगते ते खरं आहे. तू तब्येतीला जप.'

वीस वर्षं झाली. ती अजून तेच म्हणते.

तर आता मी सांगते, आणि हे नीट वाच, कारण मी दुसऱ्यांदा लिहीन असं मला वाटत नाही.

त्या दिवशी चाळीस गाद्या शिवून तयार आणि पिवळी पट्टी एकही शिल्लक नाही. छापखान्यातून नव्या पुढच्या आठवड्यात येणार होत्या. गाडी दारात लागलेली. मुकादम दर पाच मिनिटांनी येऊन उभा. "मावशी, तुमच्यापायी गाडी खोळंबलीय."

"गाडीचे पाय दुखत नाहीत," मी म्हटलं. "तू बस."

पट्टीशिवाय माल हलवायचा नाही असा मालकांचा दंडक. पांढरी लावावी तर टेबलावरच्या बायकाच म्हणणार, मावशी चुकल्या. मग माझ्या डोक्यात आलं. मधल्या सुट्टीचा चहा नुकताच आला होता. मी किटली घमेल्यात ओतली आणि पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा त्यात बुडवला. पिळल्या, इस्त्री फिरवली. हुबेहूब पिवळ्या. टेबलावरची एक जण म्हणाली, "आज गाद्यांना चहा आणि आपल्याला नुसता वास." सगळ्या हसलो. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू. आमच्या लेखी पट्टी म्हणजे रंग होता. अक्षरं म्हणजे साडीवरच्या बुट्ट्यांसारखी, असतात म्हणून असतात.

सगळ्या शिवून झाल्या आणि तुझी आई वही घेऊन आली. वाकून बघितलं.

"आई, यावर सगळा नवा कापूस असं लिहिलंय."

"रंग बघ."

"रंग आपण बघतो. बाहेर वाचतात."

"बाहेर कुणी वाचत नाही. पंधरा वर्षं लावतेय मी."

"आई, दवाखान्याचा माल आहे."

"बाकावर बसणाऱ्यांच्या बुडाला वाचता येतं का? चार बुकं शिकलीस म्हणून सगळ्यांसमोर मला शिकवू नकोस. वही लिही."

बायका पुन्हा हसल्या. या वेळी तिला. तिने वही लिहिली. 'चाळीस नग, जुना कापूस.' खरं तेच लिहिलं. वही कारखान्यात राहिली आणि गाद्या गेल्या. पुढे चौकशीत त्याच ओळीवर बोट ठेवून तिला धरलं. बघा, म्हणाले, हिला माहीत होतं.

चौकशीच्या खोलीत तीन साहेब होते. मधल्याने चहाची पट्टी माझ्यापुढे धरली. "यावर काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "साहेब, मला वाचता येत नाही. वाचता येतं ते हिला."

तुझी आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याच्या हातून भांडं पडताना आपण बघतो ना, तसं. मग तिने पुढे बघितलं आणि म्हणाली, "हो. मला येतं."

पट्ट्या कुणी बुडवल्या हे त्यांनी विचारलं. मी बोलले नाही. बाकीच्या चौघी माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. तुझी आई म्हणाली, "मी."

आता अक्षराचं. तुझ्याबरोबर शिकले हे खोटं. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. कारखान्यात काम मागायला गेले तेव्हाच्या मुकादमाने विचारलं, वाचता येतं का, वाचणाऱ्या बायका नको, त्या प्रश्न विचारतात. मी म्हटलं नाही येत. ते 'नाही' मग मी सांभाळत बसले. टेबलावरच्या बायकांनाही सांगितलं नाही. पण तुझ्या आईला माहीत होतं. तिला पहिली अक्षरं मीच शिकवली होती, फरशीवर खडूने, तिचा हात धरून. 'न' काढताना तिची गाठ नेहमी मोठी व्हायची.

म्हणजे त्या पट्टीवर काय लिहिलंय ते मला बुडवायच्या आधी माहीत होतं. 'सगळा नवा कापूस.' तीन शब्द. ते वाचायला मला पाऊण तास लागत नाही.

माझ्या मनात पाप नव्हतं असं मी म्हणू शकते. मला खरंच वाटत होतं की ते कुणी वाचत नाही. हजारो पट्ट्या शिवल्या, त्यातली एखादी कुणीतरी खिडकीपाशी नेऊन वाचेल आणि त्यावर विश्वास ठेवून एका पोराला उचलून त्यावर ठेवेल, हे मला सुचलंच नाही. पण हे झालं पट्ट्यांचं. चौकशीच्या खोलीतलं तसं नाही. तिथे मी घाबरले आणि लेकीला पुढे केलं. तू लहान होतीस, तुझ्याजवळ घरात कुणीतरी लागणार होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. ते कारण मला खोलीतून बाहेर आल्यावर सापडलं. आत असताना तुझी आठवणही नव्हती.

दहा बरी झाली असं मागे लिहिलं होतं. अकरावी मुलगी होती. दीड वर्षाची. तिचं नाव मला माहीत आहे. ते इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आणि तू पलंगाखाली बसलीस तेव्हा तुझी आई उंबऱ्यावरून हे सगळं एका दमात सांगू शकत होती. मी मोरीपाशी उभी राहून त्याचीच वाट बघत होते. तिने पाणी मागितलं.

आता आणखी लिहवत नाही. बोटं वळली आहेत.


७ एप्रिल

कालचं पत्र पाकिटात घातलं नव्हतं ते बरं झालं. त्याच्यासोबत दोन गोष्टी पाठवते.

एक, चहाची पट्टी. चाळिसांवर एक जास्तीची बुडवली होती, ती बटणांच्या डब्यात राहिली. रंग अजून पिवळा आहे. इस्त्री चांगली झाली होती. ती तुझ्या साहेबांना दाखव आणि सांग की वाचणारे कोण ते लावणाऱ्याने ठरवायचं नसतं.

दोन, एक कागद. काल लिहिलं त्यातलं कामापुरतं स्वच्छ लिहून काढलंय, पट्ट्या कुणी बुडवल्या आणि कुणाला वाचता येत होतं ते. साक्षीदार हवा म्हणून सकाळी कोपऱ्यावरच्या टंकलेखकाकडे गेले. त्याने कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचला. शेवटी नुसतंच म्हणाला, "आजी, अंगठा इथे," आणि शाईची डबी पुढे सरकवली. मी म्हटलं, पेन दे. सही केली. वाकडी आली आहे पण सगळी अक्षरं आहेत. पुस्तक छापणाऱ्यांना तो कागद दे. त्यांना बदलायचं नसेल तर नसो, तुझ्याजवळ असू दे.

मला उत्तर लिहायलाच हवं असं नाही. कागद जाड घेतेस, तो वाया घालवू नकोस. माझ्याकडे यायचं की नाही ते तुझं तू बघ. मी विचारणार नाही.

आईला मात्र आजच लिही. सुट्टी मिळायला तिला वेळ लागतो. ये, एवढंच लिही, आजीने कळवलं वगैरे नको, नाहीतर ती पुन्हा म्हणेल की आजी सांगते ते खरं, आणि या वेळी ते खरंच खरं असेल आणि तिची पंचाईत होईल.

ती आली की उंबऱ्यापाशी थांबेल. तिला आत ये म्हणावं लागतं, आपणहून येत नाही. पाणी दे. पिऊन झाल्यावर ती भांडं घेऊन मोरीकडे वळेल. ते तिच्या हातातून काढून घे.